नक्कल की तर्जुमा?

मराठीत नक्कल म्हटलं की दोन गोष्टी आठवतात. एक तहसील कचेरीतून मिळणारी कागदाची नक्कल आणि दुसरी शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरं करतात ती शिक्षकांची नक्कल. पहिलीत एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर ती रद्द होते. दुसरीत सगळंच वेगळं असतं, आवाज वेगळा, कपडे वेगळे, तरी समोरचे लोक ओळखतात आणि हसतात. वर्गात भाषांतर शिकवताना मी हा फरक नेहमी सांगते, कारण चांगला तर्जुमा या दोहोंच्या मधे कुठेतरी असतो.

गेल्या उन्हाळी सुट्टीत हा फरक मला भलत्याच ठिकाणी भेटला. संगणकाच्या पडद्यावर.

मी उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. संगणक हा माझा विषय नाही. पण माझे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही घरात भाईजान म्हणतो, पिंपरीच्या एका कारखान्यात सुट्या भागांची ड्रॉइंग करायचे. नव्वदच्या दशकात हे काम साध्या पीसीवर होत नसे. त्यासाठी युनिक्सवर चालणारी महागडी वर्कस्टेशन असायची. त्या यंत्रांवर जो पडदा दिसायचा त्याचं नाव कॉमन डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट, थोडक्यात सीडीई. कारखान्याच्या फॅमिली डेला एकदाच मी तो पाहिला होता. राखाडी-निळसर रंग, खिडक्यांना जाडजूड चौकट आणि खाली मोटारीच्या डॅशबोर्डसारखी पट्टी. पुढे कारखान्यात विंडोज आलं, वर्कस्टेशन गेली आणि काही वर्षांनी भाईजानही घरी बसले. त्यांच्या हाताला मात्र तो पडदा अजून पाठ आहे.

त्यांचा मुलगा या असल्या गोष्टींत रमणारा. त्यानं माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि त्यात दोन डेस्कटॉप बसवले. एक खुद्द सीडीई आणि दुसरा त्याचा आजचा अवतार, एनएससीडीई. हे दुसरं नाव मोठं गमतीचं आहे, ‘नॉट सो कॉमन डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट’, म्हणजे ‘तितकंसं सामायिक नसलेलं’. लॉगिन करताना हवा तो निवडायचा. यंत्र एकच आणि चेहरेही जवळजवळ एकच. तुलना करायला यापेक्षा सोय ती काय हवी?

आधी मूळ सीडीईची हकीकत सांगते, कारण नावातल्या ‘कॉमन’ शब्दाला वजन आहे.

ऐंशीच्या दशकात युनिक्स एक नव्हतं. एचपी, आयबीएम, सन, प्रत्येक कंपनीचं युनिक्स निराळं आणि पडद्याचा चेहराही निराळा. एका गटाकडे मोटिफ होतं, तर सन आणि एटी अँड टी यांचं ओपन लुक होतं. एका यंत्रावर शिकलेला माणूस दुसऱ्यावर बसला की चाचपडायचा. या भांडणाला लोक ‘युनिक्सची युद्धं’ म्हणत. तेवढ्यात मायक्रोसॉफ्टची सावली वर्कस्टेशनच्या बाजारावर पडू लागली आणि भांडणाऱ्यांना एकत्र बसावं लागलं. १९९३ मध्ये एचपी, आयबीएम, सन आणि युनिक्स सिस्टिम लॅबोरेटरीज यांनी एकच डेस्कटॉप बनवायचं जाहीर केलं. पाया एचपीच्या व्ह्यू या डेस्कटॉपचा आणि बांधणी मोटिफची. सननं आपलं ओपन लुक बाजूला ठेवलं आणि टूलटॉक हे तंत्र दिलं. टूलटॉकमुळे वेगवेगळे प्रोग्रॅम एकमेकांना निरोप देऊ शकत.

म्हणजे ‘कॉमन’ हे जाहिरातीचं विशेषण नव्हतं, ते तहाचं कलम होतं. कुणाही कंपनीच्या यंत्रावर बसा, पडदा ओळखीचाच भेटेल.

तह टिकला, पण जग पुढे सरकलं. सीडीईसाठी पैसे मोजावे लागत आणि त्याचा कोड बंद होता. लिनक्स वापरणाऱ्या पोरांना ते परवडणारं नव्हतं. १९९६ मध्ये जर्मनीतल्या मथियास एट्रिख या विद्यार्थ्यानं स्वतःचा डेस्कटॉप बनवायची हाक दिली आणि त्याला नाव दिलं केडीई. सीडीईच्या नावाचीच ती थट्टा होती. त्याच सुमारास फ्रान्सच्या ओलिव्हिए फूर्दां यांनी सीडीईसारखी पट्टी बनवायला घेतली, तिचं पुढे एक्सएफसीई झालं. आज ही दोन्ही नावं लिनक्सच्या जगात मोठी आहेत आणि दोघांच्या चेहऱ्यावर सीडीईची खूण शोधूनही सापडत नाही. नक्कल म्हणून जन्माला आलेली पोरं आपापल्या वाटेनं मोठी झाली. इकडे सनच्या सोलारिसमध्ये सीडीई २००५ च्या दहाव्या आवृत्तीपर्यंत होतं, २०११ च्या अकराव्या आवृत्तीत ते काढून टाकलं गेलं. आणि पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१२ मध्ये, द ओपन ग्रुपनं त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला केला. ज्याला बाजारात मोल उरलं नाही, ते लोकांच्या हाती आलं. तेव्हापासून काही स्वयंसेवक हा कोड आजच्या यंत्रांवर चालता ठेवताहेत. माझ्या लॅपटॉपवर आहे ते हेच अस्सल सीडीई.

एनएससीडीईचं तसं नाही. त्यात सीडीईच्या मूळ कोडची एक ओळही चालत नाही. त्याचा कणा एफव्हीडब्ल्यूएम नावाचा खिडक्या सांभाळणारा प्रोग्रॅम आहे. रॉबर्ट नेशन यांनी तो १९९३ मध्ये लिहिला, म्हणजे ज्या वर्षी सीडीईचा तह झाला त्याच वर्षी. त्याच्यावर शेलच्या आणि पायथनच्या लिपींचा थर चढवून हुबेहूब सीडीईसारखा पडदा उभा केला आहे. हाडं दुसऱ्याची, चेहरा सीडीईचा.

आणि चेहरा खरंच हुबेहूब आहे. खालच्या पट्टीवर डावीकडे घड्याळ, शेजारी आजची तारीख दाखवणारं कॅलेंडर. मधोमध चार बटणं, वन, टू, थ्री, फोर. त्यांच्या एका बाजूला कुलुपाचं चिन्ह, दुसऱ्या बाजूला बाहेर पडायचं बटण. ही चार बटणं म्हणजे चार वेगवेगळी टेबलं. एकावर हजेरी, दुसऱ्यावर प्रश्नपत्रिका, तिसऱ्यावर पत्रव्यवहार. एका टेबलावरचा पसारा दुसऱ्यावर येत नाही. खिडकी बंद करायला कोपऱ्यात फुली नसते, डावीकडच्या बटणावर दोनदा टिचकी मारायची. खिडकी लहान केली की ती चिन्ह बनून पडद्यावर जाऊन बसते.

रंगांची तऱ्हा मला सगळ्यात आवडली. सीडीईत रंगांचे ठरलेले संच आहेत आणि त्यांना नावं आहेत: ब्रोइका, अ‍ॅरिझोना, नटमेग, मस्टर्ड, टंड्रा, सीफोम. प्रत्येक संच म्हणजे एक छोटीशी फाइल आणि तिच्यात फक्त आठ रंग. बाकी सगळं त्या आठातून निघतं. बटणाची वरची कड उजळ करायची आणि खालची गडद, म्हणजे ते उठून दिसतं. दाबलं की कडांची अदलाबदल होते आणि बटण आत गेल्यासारखं वाटतं. ही काटकसर हौसेची नव्हती. त्या काळच्या पुष्कळ पडद्यांवर एका वेळी २५६ च रंग दिसत आणि त्यातले काही ड्रॉइंगच्या प्रोग्रॅमलाही लागत.

एनएससीडीई हेच आठ रंगांचे संच जसेच्या तसे वाचतं. पण तिथं थांबत नाही. त्या आठ रंगांतून ते आजच्या प्रोग्रॅमसाठीही कपडे शिवतं. फायरफॉक्स असो की लिबरऑफिस, सगळ्यांची बटणं, पट्ट्या, मेनू त्याच रंगात आणि त्याच उठावदार कडांनी दिसू लागतात. मूळ सीडीईत आजचा ब्राउझर उघडला तर तो सरळ परका पाहुणा दिसतो, चकचकीत, सपाट आणि कुणाशी न बोलणारा.

भाईजानना बोलावून दोन्ही दाखवले. आधी नवा अवतार दाखवला. ते खुर्चीवर बसले आणि त्यांचा हात आपोआप चालू लागला. डावीकडे दोन टिचक्या मारून खिडकी बंद केली, दुसऱ्या टेबलावर गेले, रंगांचा संच बदलून सँड केला. कारखान्यात त्यांचा हाच संच असायचा म्हणे. वीस वर्षांनी माणूस सायकलवर बसावा तसं चाललं होतं. मग त्यांनी एक फाइल उचलली आणि पट्टीवरच्या प्रिंटरच्या चिन्हावर नेऊन सोडली.

काहीच झालं नाही.

त्यांनी पुन्हा केलं. मग मागे रेलून म्हणाले, “दिखता तो वैसाइच है. मगर वो नहीं है ये.”

त्यांचं म्हणणं समजून घ्यायला मला मूळ सीडीईत जावं लागलं. तिथं पट्टी हे नुसतं बटणांचं फळकूट नाही. प्रिंटरच्या चिन्हावर फाइल टाकली की ती छापायला जाते, कारण ती कशी छापायची हे डेस्कटॉपला ठाऊक असतं. फाइल दाखवणारा, पत्रं पाठवणारा, कॅलेंडर सांभाळणारा आणि मजकूर लिहायचा, असे सगळे प्रोग्रॅम सीडीईचे स्वतःचे आहेत. ते एकाच घरात वाढलेत आणि एकमेकांची भाषा जाणतात. नव्या अवताराकडे असं स्वतःचं कुटुंब नाही. फाइल दाखवणारा एकाकडून आणलेला, मजकूर लिहिणारा दुसऱ्याकडून. रंग सगळ्यांचा एक, म्हणून ते एका घरातले वाटतात. लग्नाच्या वरातीत सगळ्यांनी एकाच कापडाचे कुर्ते घातले म्हणून सगळे भाऊ होत नाहीत.

इथंच थांबले असते तर हा लेख सोपा झाला असता. असल ते असल, नक्कल ती नक्कल, असं लिहून मोकळी झाले असते. पण माझी परीक्षा अजून व्हायची होती. माझी म्हणजे माझ्या कामाची.

शाळेत सूचना काढायची तर आम्ही ती दोन भाषांत काढतो. वर उर्दू, खाली मराठी. वरची उजवीकडून डावीकडे जाते, खालची डावीकडून उजवीकडे. सीडीईच्या मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममध्ये मी अशीच एक तयार सूचना उघडली. तारीख आणि इंग्रजीत लिहिलेलं एक नाव तेवढं दिसलं. बाकी जागी रिकामे चौकोन. उर्दूही नाही, मराठीही नाही. माझ्या दोन्ही भाषा चौकोनांच्या रांगेत एकसारख्या दिसत होत्या. त्यांची इतकी बरोबरी मी आजवर कुठे पाहिली नव्हती.

आपल्या लिप्यांना पडदा का कचरतो, हे थोडं सांगायला हवं. इंग्रजीत एक कळ म्हणजे एक अक्षर आणि ते ओळीत पुढे मांडायचं. देवनागरीत ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ टंकतो, मग ऱ्हस्व वेलांटी, पण ती दिसते मात्र ‘क’च्या आधी. ‘क्ष’ किंवा ‘त्र’ लिहिताना दोन अक्षरं मिळून तिसरंच रूप घेतात. उर्दूचं तर विचारू नका. एकच हर्फ शब्दाच्या सुरुवातीला वेगळा, मधे वेगळा, शेवटी वेगळा. नस्तालीक खतात तर अख्खा शब्द उजवीकडून डावीकडे तिरका उतरत ओळीवर येऊन टेकतो. एका चौकोनात एक अक्षर, हा हिशेबच इथं चालत नाही. सननं पुढे आपल्या सोलारिसच्या सातव्या आवृत्तीत अरबी, हिब्रू, थाई अशा लिप्यांची सोय केली. म्हणजे काम अशक्य नव्हतं. पण १९९३ च्या त्या टेबलाभोवती ज्या गरजा मांडल्या गेल्या त्यात आपण नव्हतो. सामायिक म्हणजे चार कंपन्यांमध्ये सामायिक. त्या कंपन्यांचं यंत्र पिंपरीत येऊन पोचलं होतं, पिंपरीची भाषा त्या यंत्रात पोचली नव्हती.

मग मी तीच सूचना एनएससीडीईत उघडली. उर्दू उर्दूसारखी, मराठी मराठीसारखी. नस्तालीकचा तिरकेपणासुद्धा जागच्या जागी. सभोवती तीच सँड रंगाची जाड चौकट, तेच उठावदार बटण. १९९५ सालचा वाटावा असा पडदा आणि त्यावर शुद्ध मराठी, शुद्ध उर्दू. असं दृश्य १९९५ मध्ये पाहिलं असतं तर मी कदाचित बीएडच्या ऐवजी दुसरंच काही शिकले असते.

यामागे काम करतो तो एक मुक्त प्रोग्रॅम. त्याचं नाव हार्फबझ. अक्षरांनी कुठे कोणतं रूप घ्यायचं, कुणाच्या आधी बसायचं, कुणाला चिकटायचं, हे तो ठरवतो. आज फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस, अँड्रॉइडचे फोन, सगळीकडे तो आहे. हे नाव वाचलं तेव्हा मी खुर्चीतच सरळ झाले. हर्फ म्हणजे अक्षर, छापाचा टाइप आणि फारसीत बाज म्हणजे खुला. ‘ओपन टाइप’ या फाँटच्या तंत्राचाच तो फारसी तर्जुमा. इराणी वंशाच्या बेहदाद एस्फहबोद यांनी हा प्रोग्रॅम घडवला. ज्याच्या लिपीची अडचण होती, त्यानंच किल्ली बनवली. आणि त्या किल्लीनं फारसीबरोबर उर्दू, मराठी, तमिळ, बंगाली, सगळ्यांची दारं उघडली.

आता तुम्हीच सांगा, दोघांपैकी ‘कॉमन’ कोण? ज्याच्या नावात ‘कॉमन’ आहे तो मला माझं नाव लिहू देत नाही. आणि ज्यानं स्वतःला ‘तितकासा कॉमन नाही’ म्हटलं, त्याच्याकडे आमच्या शाळेची सूचना निघते.

भाईजानना मी दोन्ही पडदे दाखवले. ते बराच वेळ त्या चौकोनांकडे पाहत राहिले. म्हणाले, “इतने साल काम किया इसपे, कभी खयालच नहीं आया.” यायचं तरी कसं? ड्रॉइंगवर इंग्रजीच लिहायचं असतं. कारखान्याच्या दारातून आत जाताना आपण आपली जबान डब्यासोबत बाहेर ठेवतो, ही सवय पडली की तिचं ओझंही वाटत नाही.

माझ्यापुरता निकाल मी असा लावला आहे. एनएससीडीई ही तहसीलदाराच्या शिक्क्याची नक्कल नाही. तशी ती म्हणवूनही घेत नाही, नावातच तिनं ‘नॉट सो’ लावलंय. ती तर्जुमा आहे. तर्जुमा करणारा प्रत्येक शब्द बदलतो आणि तरी म्हणतो की गोष्ट तीच आहे. त्याला विचारायचं ते एवढंच, की मुळातला कोणता अर्थ तू आणलास आणि कोणता वाटेत सांडला? एनएससीडीईनं सांडलेला अर्थ भाईजाननी दाखवून दिला: एकमेकांशी बोलणारं प्रोग्रॅमचं कुटुंब. आणलेला अर्थ मला दिसला: वेगवेगळ्या घरचे प्रोग्रॅम एका पडद्यावर परके वाटू नयेत. मूळ तहाचं पहिलं कलम हेच तर होतं.

आणि म्हणूनच मूळही जिवंत राहायला हवं. वर्गात मी मुलांना सांगते, तर्जुमा वाचा, पण मूळ किताब घरातून काढून टाकू नका. मूळ समोर नसेल तर काय हरवलं हे कुणाला कळणार? प्रिंटरच्या चिन्हावर फाइल टाकली की ती छापायला जाते, ही गोष्ट मला नव्या अवतारातून कधीच समजली नसती. ती मूळ सीडीई चालू होतं म्हणून समजली. त्याचा कोड आता खुला आहे. त्या चौकोनांच्या जागी एक दिवस कुणी अक्षरं आणायची म्हटली तर त्याला कुणा कंपनीच्या दारात उभं राहावं लागणार नाही.

आमच्या समाजात जुन्या गोष्टी जपण्यावर फार बोललं जातं. जुनी जबान, जुनी तहजीब, जुने कातिब. त्यात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, काना-मात्रा बदलू नका. दुसरा म्हणतो, जुनं टाका. हा पडदा पाहून मला तिसरी वाट दिसली, ती इथं मांडावीशी वाटली. जुन्याचं मूळ जसंच्या तसं सांभाळा, त्याला हात लावू नका. पण रोज वापरायला त्याचा असा तर्जुमा करा, ज्यात पहिल्या वेळी बाहेर राहिलेली माणसंही बसतील.

लॅपटॉपवर अजून दोन्ही आहेत. सकाळी मी बसते तेव्हा नवा अवतार निवडते, कारण मला हजेरी आणि सूचना लिहायच्या असतात. असरनंतर भाईजान आले की ते मूळ सीडीईत जातात. काम काहीच नसतं. एखादी फाइल उचलतात आणि प्रिंटरच्या चिन्हावर सोडतात. आमच्याकडे प्रिंटर नाही, पण यंत्रानं त्यांचं म्हणणं ऐकलं, तेवढं त्यांना पुरतं.